माजाळीपर्यंतचा जावई

आमच्या घरात पोर्तुगालची एक नागरिक राहत असे. ती सकाळी शेगडी पेटवी, माझ्या आईच्या गुडघ्यांना तेल चोळी, मुलीच्या वेण्या घाली आणि मग ठाकूरद्वारच्या एका कन्याशाळेत शिवणकाम शिकवायला जाई. ती माझी बायको, कालिंदी. माहेर काणकोणचं, म्हणजे गोव्याच्या अगदी दक्षिण टोकाचं. शिक्षणासाठी ती मुंबईला आली आणि आमच्याच वाडीत मामांकडे राहिली. मी त्या मामांकडे बुद्धिबळ शिकायला जात असे. बुद्धिबळ मला शेवटपर्यंत आलं नाही, पण एकावन्न साली लग्न झालं.

गोवा हा परदेश आहे हे तेव्हा मला भूगोलापुरतं ठाऊक होतं. बोटीत बसलं की दुसऱ्या दिवशी पणजी. धक्क्यावर सासरे छत्री घेऊन उभे. कस्टमवाला माझी पेटी उघडून माझ्या लेंग्यांकडे बघे आणि पुन्हा बंद करी, एवढाच काय तो परकीय सत्तेशी माझा संबंध. पुढे पंचावन्न साली गोव्याचा सत्याग्रह झाला, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या आणि सीमा मिटल्या. बोट बंद, आगगाडी बंद, मनीऑर्डर बंद. आमची बेबी तेव्हा पाळण्यातून नुकती बाहेर पडली होती. तिला तिच्या आजोबांनी पाहिलंच नव्हतं.

आता माझ्याविषयी. माझं नाव चिंतामणी अजिंक्य. हे आडनाव आमच्या पूर्वजांनी कोणाला हरवून मिळवलं ते घरात कोणालाच ठाऊक नाही. मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होतो. रे रोडच्या लाकडाच्या वखारींच्या फायली माझ्याकडे. धोका किती आहे ते दुसऱ्याला समजावून सांगायचं आणि आपण पंख्याखाली बसायचं, असं ते काम. माझ्या प्रकृतीला ते फार मानवलं.

असा मी आमच्या वाडीच्या संयुक्त महाराष्ट्र समितीचा अध्यक्ष कसा झालो, ते सांगायला हवं. शेजारचा हेरंब माझा बालमित्र. शाळेत ड्रॉइंग शिकवी. पंचावन्नच्या ऑगस्टात तो गोव्याच्या सत्याग्रहाला निघाला, तेव्हा मी रजा काढून बांद्यापर्यंत त्याला पोचवायला गेलो. त्याची वळकटी मी घेतली होती. सीमेअलीकडे तुकडी उभी राहिली तेव्हा कोणीतरी माझ्या हातात झेंडा दिला आणि त्याच क्षणी एका वार्ताहराने फोटो काढला. त्याने नाव विचारलं. मी आडनावासकट, जोडाक्षर फोडून सांगितलं. दोन दिवसांनी मुंबईच्या पेपरात फोटो आला: ‘गोव्यात शिरणारे वीर श्री. चिंतामणी अजिंक्य.’ हेरंबचा चेहरा माझ्या झेंड्यामागे गेला होता.

हेरंब गोव्यात शिरला. लाठ्यांनी त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि त्याला सीमेवर आणून टाकलं. मी बांद्याहून परतलो तो एसटीत ओकत. गिरगावात उतरलो तर वाडीच्या तोंडाशी हार घेऊन माणसं उभी.

“अहो, मी आत गेलोच नाही,” मी म्हणालो. पण बँड वाजत होता. आणि मीही फार मोठ्याने म्हणालो नाही.

कालिंदीने दारात ओवाळलं आणि हळूच विचारलं, “आमच्या गोव्यात चालत गेलात म्हणे? गेल्या खेपेला पणजीच्या धक्क्यावर उतरून बसपर्यंत जायला तुम्हाला पाटी लागली होती.” पाटी म्हणजे हमाल. ती चिडली की असे नेमके शब्द वापरी.

तेव्हापासून मी वाडीतला गोवा-वीर. हेरंबला कोणी विचारीना. त्याला त्याचं काही नव्हतं. हात वर जात नाही म्हणून त्याने फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर चित्रं काढायची सवय लावून घेतली. समिती स्थापन झाली तेव्हा त्यानेच माझं नाव सुचवलं. “ह्याला खुर्चीत बसायची सवय आहे,” म्हणाला.

सत्तावन्न सालच्या गणपतीनंतर कारवारच्या एका दुकानदाराच्या हाती सासऱ्यांचा निरोप आला. धाकटी मेहुणी, सरोजिनी, हिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. ‘सगळ्यांनी यावे. बेबीस अवश्य आणावे.’

आईला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माहेरी जायला दोन सरकारांचे परवाने? आमच्या वेळी एकट्या सासूचा मिळवता मिळवता नाकी नऊ येत.”

“तुम्ही देता ना?” कालिंदीने विचारलं.

“मी कधीचाच दिला. आता त्या पोर्तुगीजाचं बघा.”

पोर्तुगालचा वकील, म्हणजे कॉन्सल, मुंबई सोडून गेला होता आणि त्याचं काम दुसऱ्या एका देशाच्या कचेरीत एका कोपऱ्यातल्या टेबलावर चाले. टेबलामागे नोरोन्या नावाचे वयस्क गोवेकर गृहस्थ बसत. काळा कोट, पांढऱ्या मिशा, बोलणं अतिशय अदबीचं. कालिंदीशी ते कोकणीतून बोलले. काणकोण ऐकून त्यांनी तिथल्या कुळथाच्या पिठीची आठवण काढली. तिच्याकडे वडिलांनी काढून दिलेला पोर्तुगीज पासपोर्ट होता. “तुमचें काम सोंपें,” ते म्हणाले. “तुम्ही आमची नागरिक. घरी चालल्यात.”

मग त्यांनी बेबीचा कागद पाहिला. बेबीचा जन्म मुंबईचा, तेव्हा ती हिंदुस्थानची. आईच्या पासपोर्टावर तिचं नाव चढवायचं तर आधी आमचं लग्न पोर्तुगीज दप्तरात नोंदवायला हवं होतं.

“मग नोंदवा,” मी म्हणालो.

“ती नोंद गोव्यात होते.”

“मग गोव्यात जाऊन नोंदवतो.”

“पण नोंद झाल्याशिवाय मुलीला गोव्यात नेतां येणार नाही.”

मी माझ्या कंपनीतर्फे असले नियम लोकांना समजावून सांगत आलो होतो. समोरच्या खुर्चीत बसून ऐकताना ते इतके निराळे वाटतात याची मला कल्पना नव्हती.

शेवटी माझा अर्ज त्यांनी हाती घेतला. नाव वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि उठून कपाटातून एक फाईल आणली. तिच्यात पेपरातला माझा फोटो होता, व्यवस्थित कापून चिकटवलेला.

“तुम्हीच हे?”

मी एका क्षणासाठी सुखावलो, हे मान्य करतो. मुंबईत माझी फाईल आमच्या किराणेवाल्याशिवाय कोणी ठेवली नव्हती.

“तुम्ही बेकायदा आमच्या हद्दीत शिरलात, मिस्टर अजिंक्य.”

“शिरलो नाही. फोटो हिंदुस्थानातला आहे.”

“खाली लिहिलंय, शिरणारे वीर.”

“तो वार्ताहर उत्साही होता.”

“तुम्ही तेव्हांच खुलासा केला नाही?”

कालिंदी माझ्याकडे वळून बसली. तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

नोरोन्यांनी मार्ग सांगितला. मी आत गेलो नव्हतो असा जाहीर खुलासा त्याच पेपरात छापून आणायचा, आणि तुकडीतल्या कोणाचं तसं लेखी घ्यायचं. मग ते वर पाठवतील. म्हणजे मी सत्याग्रही नव्हतो हे मी सिद्ध करायचं. बाहेर आल्यावर कालिंदी हसू आवरत म्हणाली, “बघा हं. तुम्हाला सत्याग्रही मानणारी जगात दोनच ठिकाणं. एक आपली वाडी, आणि दुसरं पोर्तुगालचं सरकार.”

त्या संध्याकाळी मी एक शहाणपणाची सूचना केली. म्हटलं, “कालिंदी, तू हिंदुस्थानची नागरिक हो. मी बायको म्हणून अर्ज करतो. हा रोजचा घोळ संपेल.”

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. “आणि मग बाबांना कोण भेटणार? आज तिघांपैकी एकीला तरी तिकडचं दार उघडं आहे. तेही बंद केलं की तिघांनी मिळून अलीकडे उभं राहायचं, होय? तुमच्या सोयीसाठी?”

इतके दिवस मी तिच्या पासपोर्टाला आमच्या घरातली अडचण समजत होतो. मी आतल्या खोलीत जाऊन उगाच घड्याळाला किल्ली दिली.

हेरंबकडे जायचं मला जड वाटत होतं. ज्याचं हाड मोडलं त्याच्याकडे, ‘माझं मोडलं नाही असं लिहून दे,’ म्हणून जायचं. तो ओसरीत मुलांच्या वह्या तपासत होता. मी आडवळणाने सुरुवात केली. महाराष्ट्रावरून गोव्यावर आलो, गोव्यावरून मेहुणीवर.

“चिंतू, काय हवंय ते बोल ना रे.”

मी बोललो. त्याने एका चित्रातल्या हत्तीला सोंड नीट करून दिली आणि कोरा कागद ओढला. ‘मी प्रतिज्ञेवर लिहून देतो की श्री. चिंतामणी अजिंक्य यांनी गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकले नाही. ते बांद्याला एका झाडाखाली बसले होते. त्यांना मळमळत होते.’

“मळमळ लिहायलाच हवी का?”

“पुरावा भक्कम हवा ना?” त्याने सही केली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, “एक सांगू? तू वळकटी घेतलीस म्हणून मी बांद्यापर्यंत गेलो. स्टेशनवरच माझा धीर सुटला होता. तू बरोबर होतास म्हणून परत फिरायची लाज वाटली.”

मी म्हटलं, “हे लिहू नकोस त्यात.”

“नाही. हे पोर्तुगालला कशाला?”

खुलासा पेपरात आला तो नेमका रविवारी. त्याच संध्याकाळी लालबागला समितीची सभा होती आणि ‘गोवा-वीर’ म्हणून बोलणाऱ्यांत माझं नाव होतं. मी दिवसभर घराबाहेर पडलो नाही. आईने पेपर दोनदा वाचला. “चिंतू, इथे लिहिलंय तू शूर नाहीस,” ती म्हणाली. “हे छापायला पैसे घेतात का रे?”

सभेला जाणं भाग होतं. तोंड चुकवलं तर ती दुसरी पळपुटेगिरी झाली असती. हेरंबला बरोबर घेतलं. ट्राम भायखळ्यापुढे गेली तसा मी हेरंबच्या आड सरकून बसलो. लालबागचा कार्यकर्ता दगडू हा गिरणीतला विणकर, मालवणकडचा. छातीवर समितीचा बिल्ला लावून तो स्टेजच्या पायरीशी उभा होता. माझा हात धरून त्याने मला बाजूला घेतलं.

“वाचलंय आम्ही,” तो म्हणाला.

“दगडूशेठ, खरं तेच आहे. मी आत गेलो नव्हतो.”

“हां, हां.” त्याने डोळा बारीक केला. “समाजला. फिरंग्याच्या डोळ्यात धूळ टाकून आत शिरायचा बेत. गनिमी कावाच म्हणायचा! तुम्ही काय काळजी करू नका. आम्ही कुणाक सांगूचे नाय.”

आणि तो स्टेजवर चढला आणि लाऊडस्पीकरवरून त्याने ते सगळ्या लालबागला सांगितलं.

टाळ्यांचा जो काही गजर झाला! मी माईकसमोर उभा राहिलो. “मित्रहो, खरंच सांगतो, मी सत्याग्रही नाही.” पुन्हा टाळ्या. “मी मेहुणीच्या लग्नाला चाललोय!” लोक हसून हसून लोटपोट झाले. मागून कोणीतरी ओरडलं, “वरात घेऊन या, पणजीवरून!” शेवटी मी हेरंबला पुढे ओढलं आणि ओरडून सांगितलं, “हा गेला होता! ह्याचं हाड मोडलंय! ह्याला हार घाला!” लोकांनी त्यालाही घातला, पण माझा मित्र म्हणून. हेरंबने तो हार काढून दगडूच्या गळ्यात घातला आणि मला म्हणाला, “सोड रे. आता ट्राम मिळते का बघ.”

खुलाशाचा परिणाम दोनच ठिकाणी झाला. नोरोन्यांनी मला व्हिसा दिला. आणि हिंदुस्थानच्या बाजूने सीमा ओलांडायचा परवाना ज्या कचेरीतून मिळे, तिथल्या साहेबांच्या भुवया वर गेल्या. कालिंदीला जाण्याचा आणि परत येण्याचा परवाना त्यांनी दिला. मला बसवून ठेवलं.

“पोर्तुगीजांनी तुम्हाला व्हिसा इतक्या तातडीने कसा दिला?”

“मी सत्याग्रही नाही हे सिद्ध केलं म्हणून.”

“म्हणजे तुम्ही सत्याग्रहाच्या विरुद्ध आहात?”

“छे! बाजूने आहे.”

“मग गेला का नाहीत?”

ह्या प्रश्नाला माझ्याकडे मळमळीशिवाय उत्तर नव्हतं. ते मी दिलं. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

“सध्या सार्वजनिक काम काय करता?”

“वाडीच्या समितीचा अध्यक्ष आहे.”

पेन थांबलं. “म्हणजे सरकारविरुद्ध.”

“म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूने.”

“त्यात कारवारही येतं, नाही का? आणि तुम्ही चाललात कारवारमार्गे.” साहेबांनी फाईल मिटली. “चौकशी करावी लागेल. परवाना मंजूर झाला तर माजाळीच्या चौकीवर कळवू.”

अशा रीतीने मला पोर्तुगालने यायला सांगितलं आणि माझ्या देशाने जायला मना केलं. आमच्या ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, “अजिंक्य, तुमचा विमा कोणी उतरवणार नाही.”

तरी आम्ही निघालो. आईने बेबीसाठी जरीचं परकर-पोलकं आणि विहीणबाईंसाठी आम्हा प्रभूंकडे करतात त्या परभी मसाल्याची बरणी दिली. बेळगावहून कारवारपर्यंतच्या एसटीत मी काय केलं ते सांगत नाही. बेबी माझ्या पाठीवर हात फिरवत होती, एवढं पुरे.

कारवारच्या पुढे माजाळी. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला आपली चौकी. पलीकडे थोडी कोणाचीच नसलेली जमीन, तिच्यात एक काजूचं झाड, आणि मग पोर्तुगीजांचा बांबू. चौकीवरच्या अंमलदाराने कागद उलटेपालटे केले. माझ्या नावाने काही आलेलं नव्हतं.

“आज येईल का?” मी विचारलं.

“साहेब, मुंबईहून इथे पावसाळासुद्धा उशिरा कळवतात.”

पलीकडच्या बांबूजवळ छत्री दिसली. कालिंदीने ओळखली. तिने माझी बाही धरली. अंमलदाराने तिच्याकडे पाहिलं, बेबीकडे पाहिलं आणि मान वळवून म्हणाला, “झाडापर्यंत जा सगळे. पण झाडापुढे तुमचा पाय पडला तर मी तुम्हाला ओळखत नाही.”

काजूच्या झाडाखाली सासऱ्यांनी नातीला प्रथम पाहिलं. कोट, धोतर, टोपी असा माणूस, पण त्यांना छत्री कुठे ठेवावी ते कळेना. शेवटी ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि बेबीला उचललं. बेबी त्यांच्या मिशांकडे बघत राहिली. कालिंदी झाडाला टेकून रडत होती आणि रडता रडता वडिलांना ओरडत होती, “केवढे वाळलात बाबा!”

मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, “मला येता येत नाही. क्षमा करा.”

“कळलं,” ते हळूच म्हणाले. “मी व्याह्यांना सांगितलंय, आमचे थोरले जावई मोठे सत्याग्रही, म्हणून पाखल्यांनी अडवले.” पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज.

“अहो, पण मी नाही हो तसा! पाखल्यांनी तर येऊ दिलं. आपल्याच लोकांनी अडवलं.”

“ठाऊक आहे. कालिंदीने कळवलं होतं. पण जांवयबापू, लग्नघरात इतकं कोण ऐकणार? आणि ऐकलं तर कोणाला पटणार?”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात बेबी कोंबडीमागे धावली. कोंबडी पोर्तुगीज बांबूखालून गेली, तिच्यामागे बेबीही गेली. ना पासपोर्ट, ना नोंद, ना परवाना. कालिंदी किंचाळली. मी झाडाच्या मुळाशी एक पाय उचलून उभा राहिलो. टाकावा की नको? पाय हवेत ठेवून मी दोन्ही सरकारांचा विचार केला. तोपर्यंत पलीकडच्या शिपायाने तिला उचललं होतं. आफ्रिकेतून आणलेला तरुण मुलगा तो, आमच्या कोणाहीपेक्षा आपल्या घरापासून लांब. त्याने तिला खांद्यावर बसवून बांबूला एक चक्कर मारून आणली, आपल्या भाषेत काहीतरी विचारलं, तिने मराठीत काहीतरी सांगितलं, आणि मग तिला आणून आजोबांच्या हातात दिलं. मी उचललेला पाय होता तिथेच ठेवला.

कालिंदी एकटी पलीकडे गेली. बेबीला तिने सांगितलं, “बाबांना नीट सांभाळ हं.” मला काही सांगितलं नाही. बरणी मात्र चौकीवर अडकली. मसाला नेता येणार नाही म्हणाले, दोन्हीकडचे, एकाच दमात. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं.

लग्न होऊन ती परत येईपर्यंत मी आणि बेबी कारवारात सुंदराबाईंच्या खाणावळीत राहिलो. सुंदराबाई विधवा, तोंडाने फटकळ. पहिल्या सकाळी मी बेबीची वेणी घातली ती पाहून म्हणाल्या, “हे काय? दोरखंड वळलाय की काय?” पण शिकवायला बसल्या नाहीत. “तुम्हीच शिका. पोर तुमचं आहे,” म्हणाल्या. मी शिकलो. बेबीने मला भात कालवायला, परकराची नाडी बांधायला आणि रात्री ‘आई कुठे’ असं विचारलं की गप्प बसायला शिकवलं.

लग्नाच्या सकाळी तिला जरीचं परकर-पोलकं घातलं. मीही कोट चढवला. जायचं कुठे? किनाऱ्यावर गेलो. मुहूर्त मला माहीत होता. सुंदराबाईंकडून मूठभर तांदूळ आणि कुंकू मागून अक्षता केल्या होत्या. घड्याळात वेळ झाली तशी उत्तरेला तोंड करून मी मंगलाष्टकाचं एक कडवं म्हटलं. दुसरं येत नव्हतं, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. आम्ही दोघांनी अक्षता टाकल्या. वारा समोरून होता. सगळ्या माझ्याच टोपीवर आणि बेबीच्या केसांत आल्या. जाळी सुकवणारे कोळी काम टाकून बघत होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, “कुणाचं लग्न?”

“मावशीचं,” बेबी म्हणाली आणि हात लांब करून समुद्राकडे दाखवलं.

म्हातारा काही हसला नाही. त्याने वाळूतून चार दाणे उचलले आणि समुद्राकडे टाकले. मला तिथे उभं राहवेना. मी बेबीला उचललं आणि खाणावळीकडे परतलो. त्या दिवशी सुंदराबाईंनी न सांगता खीर केली होती.

कालिंदी यायच्या दिवशी आम्ही सकाळपासून माजाळीला जाऊन बसलो. मनात धाकधूक होती. परतीचा परवाना आहे, पण कागदाला काय, कोणी म्हणेल शिक्का पुसट आहे. माझ्या परवान्याचं अजून काही आलं नव्हतं. (त्याचं उत्तर मुंबईत आम्हाला मिळालं, होळीच्या सुमाराला. नामंजूर.)

दुपार कलल्यावर ती आली. नवं हिरवं लुगडं, हातभर चुडा, चेहरा उन्हाने रापलेला आणि माहेरी जेवलेल्या बाईसारखा भरलेला. बेबी तिला पाहून माझ्या पायामागे लपली. कालिंदीला ते लागलं. पण तिला पुढे येता येईना, कारण अंमलदार त्या दिवशी नवा होता आणि कायद्याने चालणारा होता. त्याने तिचा पोर्तुगीज पासपोर्ट पानपान उलटला.

“बाई, तुम्ही पोर्तुगीज नागरिक. हिंदुस्थानात येण्याचं कारण?”

कालिंदीने आमच्याकडे पाहिलं. एका वेणीत लाल फीत आणि दुसरीत सुतळी असलेली, उलटं पोलकं घातलेली मुलगी. तिच्याशेजारी कोटाची बटणं एक सोडून एक लावलेला, दाढी वाढलेला, हातात अर्धं खाल्लेलं केळं धरून उभा असलेला मी.

“हे बघा ना,” ती म्हणाली.

अंमलदाराने मान उचलून आम्हाला नीट न्याहाळलं. मग पुढचा एकही प्रश्न न विचारता शिक्का मारला.